कल्हईचे पैसे धरून सांगा: जुन्या बाजारातून भांडी आणि भरतकामाचं सामान कसं घ्यायचं

जुन्या बाजारातून मी घेतलेलं पहिलं पितळी पातेलं आजही माझ्याकडे आहे. त्यात शेवंती लावली आहे, कारण त्याच्या बुडाला तीन भोकं आहेत. विकणाऱ्याने भोकांत लांबी (पुटी) भरून वरून काजळी फासली होती, आणि मी ‘चुलीवरचं दिसतंय, अस्सल आहे’ म्हणत ते हौसेने घरी आणलं. चिंच-मीठ लावून घासलं तशी आधी काजळी निघाली, मग लांबी निघाली, आणि मग सगळा ओटा ओला.

त्या पातेल्याने एक हिशेब शिकवला. बाजारात सांगतात ती अर्धी किंमत. उरलेली अर्धी भांड्याला आतून कथलाचा थर देणाऱ्या कल्हईवाल्याकडे, मशीन दुरुस्तीवाल्याकडे, नाहीतर धुण्याच्या बादलीत जाते. म्हणून वस्तू हातात घेतली की ‘केवढ्याला?’ हे तोंडातून निघण्याआधी ‘ही वापरात यायला काय काय लागेल?’ असं मनात विचारायचं. खाली जे सांगतेय ते सगळं या एका प्रश्नाभोवतीच फिरतं.

पहिली पायरी: घरातून निघण्याआधी

यादी करा, पण लांबलचक नको. पहिल्या फेरीला दोनच गोष्टी ठरवा: एक स्वयंपाकघरातली, एक शिवणाची. ‘काहीतरी छान दिसलं तर घेऊ’ म्हणून गेलेलं माणूस तीन अडकित्ते घेऊन परत येतं, आणि घरात पान कोणीच खात नसतं.

शेगडी कोणती आहे तेही आठवून जा. गोल बुडाची कढई किंवा सट गॅसवर डुलते, तिच्यासाठी कडं लागतं. इंडक्शन असेल तर तांबं, पितळ आणि साधं ॲल्युमिनियम त्यावर तापतच नाही. ज्या बुडाला चुंबक घट्ट चिकटतं तेच भांडं तिथे चालतं. फडताळाची उंचीही मोजून घ्या. बाजारात लहान दिसणारं घंगाळ घरात शिरलं की न्हाणीघरभर होतं.

पिशवीत हे असू द्या: छोटं चुंबक, टॉर्च, इंचटेप, पांढरा सुती रुमाल, पाण्याची बाटली, दोन जुनी वर्तमानपत्रं, सुई-दोरा आणि वीतभर कापड. वजन करायचा छोटा ताणकाटा मिळाला तर उत्तम. पैसे सुटे आणि दोन वेगवेगळ्या खिशांत. पाचशेची नोट काढून ‘दोनशेच आहेत हो’ म्हणता येत नाही.

दुसरी पायरी: कुठे आणि कधी

पुण्यातला जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो, मंगळवार पेठेच्या बाजूला, कुंभारवेशीजवळ. पथाऱ्या कधी जरा इकडे, कधी तिकडे सरकतात, तेव्हा रिक्षावाल्याला विचारून घेतलेलं बरं. मुंबईत चोर बाजार, म्हणजे भेंडी बाजाराजवळची मटण स्ट्रीट आणि तिच्या आजूबाजूच्या गल्ल्या. तिथली दुकानं शुक्रवारी बंद असतात, पण त्याच दिवशी अगदी पहाटे रस्त्यावर पथाऱ्या लागतात, आणि खरा माल पथारीवरच असतो. दुकानातल्या मालाला दुकानाचं भाडं आणि झगझगीत पॉलिश दोन्ही चिकटलेलं असतं.

लवकर गेलात तर माल चांगला, उशिरा गेलात तर भाव चांगला. दोन्ही एकदम मिळत नाहीत. नवख्याने लवकर जावं, सगळा बाजार एकदा हात न लावता फिरावा, आणि मग चहा पिऊन दुसऱ्या फेरीला वाकावं.

आता फारसं कोणाच्या लक्षात न येणारं ठिकाण सांगते. गावोगावच्या भांड्यांच्या दुकानात मोड देऊन नवी भांडी घेतात. लग्नसराईत आणि दिवाळीआधी आजीची तांब्या-पितळेची भांडी तिथे वजनावर जातात आणि बदल्यात कुकर घरी येतो. ती मोड काही दिवस दुकानाच्या मागच्या खोलीत पडून असते. दुकानदाराला नीट विचारलं, ‘काका, मोडीत एखादं धड भांडं आलंय का? मोडीपेक्षा चार पैसे जास्त देते,’ तर बहुतेक जण पोतं उघडून दाखवतात. माझं पुरणयंत्र आणि पितळी सोऱ्या असेच आले. पथारीवर हेच दुप्पट झालं असतं.

बोहारणीलाही विसरू नका. डोक्यावर पाटी घेऊन जुन्या कपड्यांच्या बदल्यात भांडी देणाऱ्या बायका आता कमी दिसतात, पण आहेत. आपण तिच्याशी उलटा व्यवहार करायचा: ‘मावशी, जरीकाठाची, घडीवर फाटलेली साडी मिळाली तर आधी मला दाखवा.’ साडी तिच्या उपयोगाची नसेल, पण काठ तुमच्या कामाचा.

आणि सगळ्यात स्वस्त बाजार म्हणजे नातेवाइकांचा माळा. तिथे भाव करायचा नसतो, फक्त माळा झाडून द्यायचा असतो.

तिसरी पायरी: भांडं हातात घेतल्यावर

आधी चुंबक लावा. तांबं, पितळ, कासं यांना ते चिकटत नाही. चिकटलं तर आत लोखंड आणि वर मुलामा. मग वजन: त्याच आकाराच्या नव्या भांड्यापेक्षा जुनं सहसा जड भरतं. भरलं नाही तर पत्रा घासून पातळ झालाय. मग भांडं तळहातावर अधांतरी धरून बोटाच्या पेराने टिचकी मारा. धड भांड्याचा आवाज लांबतो, चीर असलेल्याचा बद्द येऊन थांबतो. मग तोंड उजेडाकडे करून बुडाकडून बघा, सुईएवढं भोकही चांदणीसारखं चमकतं. काजळी असेल तिथे नखाने खरवडा. विकणारा नाराज झाला तर काय ते समजून जा आणि पुढे चला. शेवटी बाटलीतलं पाणी ओता, भांडं वर्तमानपत्रावर ठेवा आणि भावाची बोलणी सुरू करा. बोलणी संपेपर्यंत कागद कोरडा राहिला तर भांडं घ्यायला हरकत नाही. हे मी ते शेवंतीचं पातेलं घेतल्यानंतर शिकले.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. त्यात आंबट काही ठेवलं की कळकतं. ताक, आमटी, चिंचेचं सार सगळंच. म्हणून स्वयंपाकाच्या पितळी भांड्याला आतून कल्हई हवीच. आत पिवळं दिसायला लागलंय तेवढी कल्हई गेली आहे, तिचा खर्च तिथेच मनात धरा. तांब्या, चरवी, कळशी यांच्या पोटावर किंवा गळ्याशी जोडाची रेघ असते. ती पिवळी असेल तर जोड पितळेचाच. करडी, मऊ, नखाने ओरखडा उमटेल अशी असेल तर ते झाळकाम, म्हणजे डाक लावलेला जोड आहे आणि त्यात शिसं असण्याची शक्यता मोठी. असं भांडं फुलांना द्या, प्यायच्या पाण्याला नको.

तांब्याचं भांडं हिरवं पडलेलं असलं तर घाबरू नका, ते घासून जातं. बाहेरून ठोक्याच्या खुणा असतील तर त्याला मठारकाम म्हणतात. पुण्यात कसबा पेठेत तांबट आळी आहे, तिथे हे काम अजून हाताने होतं. जुन्या बाजारात जाण्याआधी एकदा तिथे उभं राहून ठोके पडताना बघा. हाताच्या ठोक्यांची ओळ कुठेतरी एक केस सरकते. साच्यातून दाबून काढलेल्या भांड्यावर सगळे ठोके एकमेकांची नक्कल असतात. हे एकदा डोळ्यात बसलं की ‘शंभर वर्षांपूर्वीचं आहे ताई’ या वाक्याने फसायला होत नाही.

कासं म्हणजे तांबं आणि कथील. ज्या वाटीने तळपाय चोळतात ती हीच. आवाज देवळातल्या घंटेसारखा लांबणारा, रंग पितळेपेक्षा फिका. पितळेला पोचा पडतो, कासं मात्र पडलं तर तडकतं, आणि तडकलेलं दुरुस्त होत नाही. कडा बोटाने पूर्ण फिरवून बघा. ‘जर्मन सिल्व्हर’ नावाच्या वस्तूत चांदी अजिबात नसते. तांबं, जस्त आणि निकेल, बस्स. विकणारा चांदीचा भाव सांगेल, तुम्ही हसून पुढे जा.

बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, तवा आणि आप्पेपात्र दिसलं तर थांबाच. गंजाने लाल झालेला तवा बघून लोक नाक मुरडतात आणि म्हणूनच तो स्वस्त मिळतो. गंज हा दोष नव्हे, चीर हा दोष. सपाट जमिनीवर ठेवून डुलतो का बघा, टिचकी मारा, कडेपासून आत शिरणारी केसासारखी रेघ शोधा. रेघ दिसली की फुकटातही नको. तापला की ती वाढते.

ॲल्युमिनियम आणि हिंडालियम मी जुन्यात घेत नाही. ओतीव, जाड, कंपनीचं नाव नसलेली भांडी कसल्या मोडीपासून बनली ते कळायला मार्ग नसतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२५ मध्ये परदेशातून, त्यात भारतातूनही, गेलेल्या काही ॲल्युमिनियम, पितळ आणि हिंडालियमच्या भांड्यांतून अन्नात शिसं उतरू शकतं असा इशारा दिला होता. तो नव्या भांड्यांबद्दल होता, जुन्यांना कोण तपासतंय?

चिनी मातीच्या बरण्यांची परीक्षा घरीच होते, पण तोंडाचा काठ आणि आतला तळ बाजारात बघा. झिलई उडालेल्या जागी लोणच्याचं तेल आणि मीठ मुरतं. शंका असेल तर घरी मिठाचं पाणी भरून रात्रभर ठेवा. बाहेर पांढरी रेघ उमटली की ती बरणी चमचे ठेवायला.

सोऱ्या, पुरणयंत्र, किसणी, मोदकपात्र ही सुट्या भागांची भांडी. सोऱ्याच्या चकत्या किती आहेत ते मोजा. चकलीची नेमकी हरवलेली असते, कारण तीच सगळ्यात जास्त वापरली गेली. दट्ट्या नळीत फिरवून बघा. दुसऱ्याच सोऱ्याचा दट्ट्या जोडून विकणं ही नेहमीची गंमत आहे.

स्टीलच्या डब्यांवर आणि ताटांवर नावं कोरलेली सापडतात: ‘चि. सौ. कां. हिस मामांकडून’, खाली तारीख. भांड्याचं वय ठरवायला याहून चांगला पुरावा नाही. लोक ती नावं घासून काढायला सांगतात. मी नाही काढत. कोणाच्या तरी मामाने ते मशीनवाल्यासमोर उभं राहून कोरून घेतलेलं असतं. माझ्या डाळीच्या डब्यावर १९६८ सालचं एक लग्न आहे.

चौथी पायरी: भाव

धातूच्या भांड्याचा पाया म्हणजे मोडीचा भाव. निघण्याआधी जवळच्या भांड्यांच्या दुकानात त्या दिवशीचा तांब्याचा आणि पितळेचा मोडीचा दर विचारून घ्या. समजा पितळ किलोला ५०० रुपये धरलं आणि भांडं दीड किलोचं आहे, तर ७५० रुपये त्याला मोडवाला कधीही देईल. त्याखाली तो तुम्हाला देणार नाही. उगाच २०० म्हणून स्वतःचं हसं करून घेऊ नका. त्याच्यावर जे काही मागतो ते आकार, काम आणि तुमचा चेहरा बघून. चेहरा आपल्या हातात आहे.

माझी बोलणी साधारण अशी चालतात:

‘मामा, ही कासंडी कितीला?’

‘बाराशे. जुनी आहे, बघा वजन.’

‘वजन बघितलं. दीड किलो भरतंय. आतली कल्हई पूर्ण गेलीय, कान हलतोय. मला कल्हईचे द्यावे लागतील, कानाचे द्यावे लागतील. ते धरून सांगा.’

‘हजार द्या.’

‘नऊशे. आणि तो डाव वरती.’

‘डाव नाही. साडेनऊशे.’

इथे मी सहसा देते. खोटं बोलायचं नाही, वस्तूला नावं ठेवायची नाहीत, दोष बोटाने दाखवायचा. पथारीवाल्याला दोष माहीत असतोच. आपल्यालाही माहीत आहे हे त्याला कळलं की भाव आपोआप उतरतो. आणि पन्नास रुपयांसाठी त्याचा अर्धा तास खाऊ नका. पुढच्या रविवारी तोच माणूस ‘ताई, तुमच्यासाठी ठेवलंय’ म्हणणार आहे.

पाचवी पायरी: दोरे, सुया, काठ

भरतकामाचं सामान पथारीवर मांडलेलं क्वचित दिसतं. ते बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात असतं. एखादं घर मोकळं झालं की आजीचा शिवणाचा डबा तसाच्या तसा बाजारात येतो. डबा हलवा. बटणांचा आवाज वेगळा, सुयांचा वेगळा. सुटं-सुटं निवडायला लागलात तर भाव चढतो. पूर्ण डब्याचा भाव विचारा.

दोऱ्याच्या लडीचा कागदी पट्टा शाबूत असेल तर काम सोपं. डीएमसी आणि अँकर या दोऱ्यांच्या दोन नेहमीच्या कंपन्या. दोन्हींची लडी ८ मीटरची आणि ६ पदरी, पण रंगांचे क्रमांक वेगवेगळे: डीएमसीचा काळा ३१०, अँकरचा काळा ४०३. अर्धवट राहिलेल्या नक्षीसाठी रंग शोधत असाल तर क्रमांक लिहून न्या, डोळ्याने जुळवू नका. बाजारातल्या उन्हात सगळे लाल सारखेच दिसतात.

पट्टा असो नसो, दोन परीक्षा करा. वीतभर दोरा दोन्ही हातांत धरून झटका द्या. चांगला सुती दोरा ताण घेतो, जुना झालेला वाळक्या गवतासारखा तुटतो, आणि तो कितीही सुंदर रंगाचा असला तरी टाक्यात टिकणार नाही. मग पांढरा रुमाल ओला करून दोऱ्यावर दाबा. रंग उतरला तर तो दोरा पांढऱ्या कापडावर कधीच नको. लाल आणि गडद निळा हे नेहमीचे गुन्हेगार.

सुयांच्या जुन्या पाकिटांवर इंग्लंडमधल्या ‘रेडिच’चं नाव दिसलं तर उचला, ते गाव सुयांसाठीच प्रसिद्ध होतं. शिवणाच्या सुयांचा क्रमांक जितका मोठा, सुई तितकी बारीक. काळे ठिपके पडलेली सुई कापडाला डाग देते, ती सोडा. क्रोशाच्या जुन्या पोलादी सुया मात्र सोन्यासारख्या. टोकाचा आकडा गुळगुळीत आहे ना, एवढं नखावरून फिरवून बघा, खरखर लागली तर प्रत्येक टाक्याला दोरा अडकेल. लोकरीच्या सुयांवर आपल्याकडे जुने ब्रिटिश क्रमांक चालतात: १० नंबर म्हणजे सव्वातीन मिलिमीटर, ८ नंबर म्हणजे चार. इथेही आकडा वाढला की सुई बारीक.

मॅटीचं, म्हणजे मोजून टाके घालायचं चौकटींचं, कापड सापडलं तर इंचटेप लावा आणि एका इंचात किती चौकटी येतात ते मोजा. १४ येत असतील, तर १४० टाके रुंद आणि ८४ टाके उंच नक्षी १० इंच बाय ६ इंच होईल. चारही बाजूंना दोन-तीन इंच सोडून मग तुकडा पुरेल का ते ठरवा. पिवळे डाग निघतात, गंजाचे डाग जिद्दी असतात, आणि घडीवर विरलेलं कापड काही केल्या सुधारत नाही.

विरणं हा शब्द साड्यांच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाचा. रेशीम वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलं की घडीच्या रेषेवर तडकतं. साडी उलगडून उजेडासमोर धरा. अंग विरलेलं असलं तरी काठ आणि पदर बहुधा दणकट असतात, कारण तिथे जर आहे. उशांचे अभ्रे, पिशव्या, पोलक्याच्या बाह्या यांना तेवढं पुरतं. जर खरी की प्लॅस्टिकची हे बघायला काठाच्या टोकाचा एक धागा विचारून काढा आणि घरी ज्योतीवर धरा: प्लॅस्टिकची जर आक्रसून गोळी होते, खरीची धातूची तार उरते. हा प्रयोग पथारीवर करू नका, आजूबाजूला सगळा कपडाच असतो.

रुखवतात मांडलेली क्रोशाची तोरणं, मण्यांचे रुमाल, भरलेले टेबलक्लॉथ कवडीमोलाने जातात. पूर्ण वस्तू आवडली नाही तरी नळीमण्यांसाठी घ्या. जुन्या काचमण्यांचे ते रंग आता सहज मिळत नाहीत. तोरण उसवायला बसायचं तेव्हा खाली ताट ठेवा, नाहीतर महिनाभर मणी पायाला टोचतात.

सहावी पायरी: शिवणयंत्र, जमलं तर

पहिल्याच फेरीत मशीन घेऊ नका. घेतलंच तर चाक हाताने आपल्याकडे फिरवून बघा. घट्ट असणं चालतं, ते तेलाने सुटतं. एका जागी अडकणं चालत नाही. मग खालची झाकणी सरकवा आणि बॉबिन बघा. गोल बॉबिन असेल तर तिची केस आणि सुटे भाग आजही सहज मिळतात. होडीच्या आकाराचा लांब धोटा असेल तर मशीन फार जुनं, दिसायला देखणं, आणि त्याच्या बॉबिनसाठी तुम्ही शहरभर हिंडाल. मी हिंडले आहे.

सिंगरच्या यंत्रावर पट्टीत एक क्रमांक ठोकलेला असतो. नुसते आकडे असतील तर यंत्र १९०० च्या आधीचं, आकड्यांच्या आधी इंग्रजी अक्षर असेल तर नंतरचं. ‘दीडशे वर्षं जुनं’ हे वाक्य तपासायला एवढं पुरे. पिशवीतला दोरा ओवून वीतभर शिवून बघा. टाका सुटतोय एवढ्यावरून नाकारू नका, बहुतेक वेळा नवी सुई लावली की बसतो.

सातवी पायरी: घरी आणल्यावर

कापड आणि दोरे थेट कपाटात ठेवू नका. कसर आणि ढेकूण फुकट येतात. पिशवी गच्च बांधून बाल्कनीत ठेवा, मग सुती सामान गरम पाण्यात धुवा, कडक उन्हात वाळवा. लोकर आणि रेशीम गरम पाण्यात घालू नका, लोकरीचं पोतेरं होतं. तसलं सामान प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून आठवडाभर डीप फ्रीझरमध्ये ठेवलं की किडे मरतात. घरचे प्रश्न विचारतील, विचारू देत.

तांबं-पितळ चिंच-मिठाने किंवा लिंबाच्या फोडीने घासा. आंबटाने वरचा काळपट थर विरघळतो, म्हणून त्याला जोर लागत नाही, वेळ लागतो. तारेची घासणी मठारकामावर कधी नको. बिडाचा तवा गंज जाईपर्यंत घासा, लगेच गॅसवर कोरडा करा, तेलाचा अगदी पातळ हात फिरवून धूर येईपर्यंत तापवा, आणि असं चार-पाचदा करा. पहिले दोन घावन तरीही चिकटणारच.

कल्हईवाल्यापुढे मात्र बसून राहा. तो भांडं तापवतो, नवसागर टाकतो, पांढरा धूर निघतो, मग कथील फिरवून चिंधीच्या बोळ्याने पसरवतो. कथलात शिसं मिसळलं की त्याला स्वस्त पडतं, आपल्याला नाही. म्हणून कथलाची कांडी हातात मागा आणि कानाजवळ धरून वाकवा. शुद्ध कथील वाकताना करकर आवाज करतं. शिसं मुकाट वाकतं. पहिल्यांदा हे केलं तेव्हा कल्हईवाले चाचा माझ्याकडे बघून म्हणाले, ‘हे कोणी शिकवलं?’ आणि तिथून पुढे आमचं बरं जमलं.

कथील २३२ अंश सेल्सियसला वितळतं. म्हणून कल्हईचं भांडं रिकामं गॅसवर ठेवायचं नाही, त्यात कडकडीत फोडणी करायची नाही. फोडणी पळीत करा आणि वरून ओता.

काय घेऊ नये

देव आणि देवळातल्या वस्तू घेऊ नका. त्या कुठून आल्या हे कोणी खरं सांगत नाही. प्लग असलेली जुनी उपकरणं, खपल्या उडालेलं इनॅमल, काळा थर सुटलेला नॉनस्टिक तवा, जुन्या कुकरचं झाकण, हे पण नको. विलायतेतल्या भावजयीसाठी जुनी समई घेत असाल तर १९७२ चा पुरावस्तू कायदा लक्षात ठेवा: १०० वर्षं किंवा त्याहून जुनी कलाकुसरीची वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. तिच्या वयाची शंका असेल तर ती पुरावस्तू नसल्याचा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याकडून मिळतो. तो विमानतळावर नाही, आधी घ्यायचा.

अमेरिकेत असाल तर

तिथे हेच काम थ्रिफ्ट स्टोअरमध्ये होतं. गुडविल ही त्यांतली सगळ्यांच्या ओळखीची संस्था १९०२ मध्ये बॉस्टनला सुरू झाली. माल दान आलेला असतो, किंमत चिठ्ठीवर छापलेली, घासाघीस बहुधा चालत नाही. चिठ्ठीचा रंग बघा, अनेक दुकानांत दर आठवड्याला एका रंगावर सवलत असते. शिवणाचं सामान प्लॅस्टिकच्या पिशव्यांत सील करून टांगलेलं असतं, पिशवी फिरवून मागची बाजू बघा. लोकरीच्या सुयांचे क्रमांक तिथे उलटे चालतात: आपली ८ नंबर म्हणजे त्यांची ६, आणि आकडा वाढला की सुई जाड. बाहेरून रंगीत नक्षी असलेले जुने काचेचे बाउल देखणे असतात, पण जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून शोभेला. जड, लखलखत्या क्रिस्टलच्या सुरईत पेय साठवून ठेवू नका, त्या काचेतही शिसं असतं.

आणि बुडावर ‘ग्रिसवोल्ड’ आणि ‘एरी’ अशी अक्षरं असलेला काळा तवा दिसला तर दुसऱ्या कोणाचा हात पडायच्या आत उचला. पेनसिल्व्हेनियातल्या एरी गावचा तो कारखाना १९५७ मध्ये बंद पडला. त्याचं बीड आतून इतकं गुळगुळीत की थालीपीठ नुसतं सरकतं.